पांढरी साडी पिवळी का?

परवा वाशिमकडच्या एका मंगल परिणयाचा अल्बम आम्ही पाहिला. वधू-वरांची पांढरी वस्त्रे फोटोत पिवळी! आईचा जीव हळहळला. दोष कापडाचा नव्हे, उजेडाचा. साध्या बल्बचा उजेड सुमारे २८०० केल्विन, म्हणजे तांबूस, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, सावलीतला निळसर. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो, डिजिटल कॅमेऱ्याला मात्र पुष्कळदा सांगावे लागते. त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. बल्ब असेल तर बल्बचे चिन्ह निवडावे, उन्हात सूर्याचे. रंगीत कापडाच्या मांडवात वधू-वरांजवळ कोरा पांढरा कागद धरून त्यावर कॅमेरा जुळवावा. जागा बदलली की पुन्हा जुळवावा. बंधू-भगिनींनो, हा दिवस पुन्हा येत नाही. फोटोवाल्या पोराला आपण आधीच सांगून ठेवू या.