दिवाणजींचा आकडा



उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला की घरात काही ना काही खूळ येतं. मागच्या वर्षी बुद्धिबळ होतं, या वर्षी जादू. चौदा वर्षांचा आहे. पत्त्यांचे चार प्रयोग दाखवून झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच मोबाइल हातात घेतले. तो हिरमुसला. म्हणाला, "आजी, नुसती जादू कोणी बघत नाही. गोष्ट पाहिजे. भीतीदायक." त्याने एक गोष्ट तयारही केली होती. त्यात किल्ला होता, वटवाघळं होती, काळा झगा घातलेला कोणी सरदार होता. मी ऐकली आणि मला हसू आलं. सांगलीकडच्या वाड्यात बसलेल्या बायकांना परदेशातल्या सरदाराची कसली भीती! मी म्हटलं, आण इकडे, मी लिहून देते.

इथेच सगळं सुरू झालं. म्हणून आज जे लिहिते आहे त्यात दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

आधी प्रयोग सांगते. मुलांच्या जादूच्या पुस्तकांतही तो असतो, तेव्हा गुपित फोडल्याचं पाप मला लागू नये. समोरच्या बाईला तीन आकडी संख्या मनात धरायला सांगायची, मात्र पहिला आणि शेवटचा अंक सारखा नको. समजा 732. ती उलटी करायची, 237. मोठीतून लहान वजा करायची, 495. ही पुन्हा उलटी करून मिळवायची, 495 अधिक 594. उत्तर 1089. कुठलीही संख्या घ्या, उत्तर तेच येतं. (वजाबाकी 99 आली तर ती 099 अशी लिहायची, नाहीतर घोटाळा होतो. आमच्या जाऊबाईंनी पहिल्याच सरावात तो केला.) जादू करणाऱ्याने आधीच कोरड्या साबणाच्या टोकाने हातावर 1089 लिहून ठेवलेलं असतं. ते दिसत नाही. मग चिठ्ठी जाळायची, तिची राख हातावर चोळायची. साबणाच्या रेघांवर राख चिकटते आणि काळे आकडे उमटतात.

गणित मला लगेच पटलं, बी.कॉम. झालेली आहे मी. पण नुसता आकडा उमटून अंगावर काटा येत नाही. तो आकडा कुणाचा तरी हवा, कुणीतरी त्याची वाट पाहत असायला हवं. माळ्यावर सासऱ्यांच्या आडत दुकानाची एक जुनी खतावणी होती, लाल कापडाच्या बांधणीची, वाळवीने कोपरा खाल्लेली. ती मी खाली काढली आणि गोष्ट आपोआप सुचली. हळदीच्या आडतीवर एक दिवाणजी. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या पूजायच्या, त्याआधी जुना हिशोब जुळायला हवा. तो जुळत नाही. चार रात्री माणूस कंदील लावून बसतो. पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडतात तेव्हा दिवाणजी गादीवर तसेच बसलेले, हातात टाक, अंगात प्राण नाही. त्यानंतर दरवर्षी पाडव्याच्या आधी खतावणी त्याच पानावर उघडी सापडते. कोण उघडतं? रात्री जिन्यावर एक पाय ओढत चालल्याचा आवाज येतो, एवढंच.

अशी गोष्ट लिहिताना मला काही गोष्टी कळल्या. भूत हा शब्द एकदाही उच्चारायचा नाही. आवाज चढवायचा नाही, उलट हिशोब वाचून दाखवतात तसं सपाट बोलायचं. वस्तू ओळखीची हवी. कवटी आणली की माणसं सावध होतात, खतावणीला कोण सावध होणार? आणि मुख्य म्हणजे जादू गोष्टीला बाहेरून चिकटवलेली नको. गोष्टीत जो आकडा सापडत नव्हता तोच हातावर उमटला पाहिजे, म्हणजे तिथे गोष्ट पुरी होते आणि टाळ्यांऐवजी शांतता पसरते. नातवाला मी ते शांततेचं पटवायला दोन दिवस घेतले. त्याला शेवटी "ता-डा" म्हणायचं होतं.

प्रयोग संध्याकाळी साडेपाचला ठेवला. जेवणं सूर्यास्ताआधी व्हायची आणि अंधारात ज्योत लावून किडे जमवायचे नाहीत, हा माझा हट्ट. वाड्याच्या माजघराला खिडकी नाही, दार लोटलं की भर दुपारीही काळोख. शेजारपाजारच्या मिळून पंधरा-सोळा जणी होत्या. मैत्रिणींनो, प्रयोग अप्रतिम झाला. राखेतून 1089 उमटले तेव्हा कुणाच्या तरी हातातली वाटी खाली पडली. मी मागे उभी राहून पोराकडे आणि स्वतःच्या लेखणीकडे कौतुकाने बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शनाहून आले तर ओट्यावर एक बाई बसलेल्या. आदल्या दिवशी मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, मागच्या गल्लीत राहतात, मला वहिनी म्हणतात. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "वहिनी, आकडा एक हजार एकोणनव्वद नव्हता हो. साडेसहाशेचा होता."

मला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं आणि पाय गळाले.

आमच्या दुकानात खरोखरच एक दिवाणजी होते. मी लग्न होऊन आले त्याच्या सात-आठ वर्षं आधी ते नोकरी सोडून गेले. हिशोबात तूट आली होती. कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही, पण राहाही म्हटलं नाही. हे मी सासूबाईंकडून एकदाच ऐकलं होतं. ते एका पायाने लंगडत, हेही त्याच वेळी ऐकलं होतं. गोष्ट लिहिताना जिन्यावर पाय ओढायचा आवाज मला कुठून सुचला, याचा मी विचारच केला नव्हता. आणि त्यांची मुलगी आपल्या मागच्या गल्लीत राहते, हे मला माहीत असूनही त्या संध्याकाळी डोक्यात आलं नव्हतं.

त्यांना जादू खरी वाटली होती असं नाही. पोराने साबण लावला असेल हे त्यांनी ओळखलं होतं, त्यांच्या नातवानेही शाळेत केलंय म्हणाल्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "मला वाटलं, तुमच्या घरी वह्यांत काही सापडलं असेल. चूक कुठे होती ते कळलं असेल. म्हणून तुम्ही गोष्ट करून सांगितलीत."

म्हणजे राखेवर त्यांचा विश्वास बसला नव्हता, गोष्टीवर बसला होता.

तेव्हापासून मी यावर विचार करते आहे. असले भयाचे खेळ नवे नाहीत. 1799 च्या सुमारास पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाच्या माणसाने एका ओसाड मठात प्रयोग लावले होते. पडद्यामागे चाकांवरचा जादूचा कंदील, तो पुढे सरकवला की पडद्यावरचं भूत मोठं होत अंगावर यायचं. राज्यक्रांतीत ज्यांचे आप्त गेले होते तेच लोक तिकीट काढून बसत. 1862 मध्ये लंडनला पेपर नावाच्या प्राध्यापकांनी तिरक्या काचेवर प्रतिबिंब पाडून रंगमंचावर भूत चालवलं. इथवर मला काही गैर वाटत नाही. तिकीट काढलं, घाबरलो, घरी आलो. आपले पी. सी. सरकार 1956 मध्ये लंडनच्या बीबीसीवर मुलीला करवतीने कापत होते आणि तिला परत जोडलेली दाखवण्याआधीच कार्यक्रम संपला. मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी फोनवर फोन केले. तेही मला खपतं. मुलगी धडधाकट होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ते कळलं.

पण याच धंद्याला एक दुसरी वाट फुटते. 1848 मध्ये अमेरिकेत फॉक्स बहिणी मेलेल्यांच्या आत्म्यांशी टकटक आवाजातून बोलायला लागल्या. चाळीस वर्षांनी, 1888 मध्ये, त्यातल्या मार्गारेटने भर सभेत कबूल केलं की पायाच्या बोटांचे सांधे मोडून आवाज काढत होतो. पुढच्या वर्षी तिने कबुली मागे घेतली, तो भाग वेगळा. मधल्या काळात किती आयांनी आपल्या गेलेल्या लेकरांचे निरोप त्या सांध्यांतून ऐकले असतील!

हूदिनी हा जगातला नावाजलेला जादूगार. त्याची आई 1913 मध्ये गेली आणि तो कधीच सावरला नाही. 1922 मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने त्याच्यासमोर बसून त्याच्या आईचा म्हणून लांबलचक निरोप लिहून दिला. कागदाच्या डोक्यावर क्रूस, आणि मजकूर इंग्रजी. आई ज्यू धर्मगुरूची बायको, तिला इंग्रजी येत नव्हतं. दोघांची मैत्री त्यावरून तुटली. डॉयलबाई लबाड होत्या असं मला वाटत नाही, त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत असावं. पण ज्याची आई होती त्याला तपशील चुकल्याचं लगेच कळलं. साडेसहाशेचे एक हजार एकोणनव्वद झाले की मुलीला कळतंच.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, असले विषयच घरात नकोत, मिथ्यात्व आहे. मी तिथपर्यंत जात नाही. जीव देह सोडल्यावर चार समयांच्या आत पुढच्या जन्माला लागतो, असं आपण लहानपणापासून शिकलो. जिन्यावर पाय ओढत राहायला त्याला सवड कुठली? भूत-पिशाच्च आपल्याकडेही आहेत, पण ते व्यंतर देव, तोही एक जन्मच, अडकून पडलेला दिवाणजी नव्हे. एवढं ज्या पोराला नीट माहीत आहे त्याने भुताची गोष्ट रंगवून सांगितली तर त्याची श्रद्धा ढळत नाही. पत्त्यातली राणी राजा झाली म्हणून कोणी खोटं बोललं असंही मी मानत नाही. बघणारीला माहीत असतं, दाखवणाऱ्याला माहीत असतं. आपल्या राज्यात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. त्याचाही रोख चमत्काराच्या नावाखाली फसवण्यावर आणि घाबरवण्यावर आहे, करमणुकीवर नाही.

तेव्हा भीतीला माझी हरकत नाही, राखेलाही नाही. माझी हरकत त्या लंगड्या पायाला आहे. तो मी उसना आणला आणि ज्यांचा होता त्यांना विचारलं नाही. वाणिज्य शिकलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या खात्यावरचं आपल्या नावावर जमा करायचं नसतं. नातवाने गोष्ट रचली असती तर तो किल्ल्यातल्या सरदारावर थांबला असता. "खरं वाटलं पाहिजे" हा आग्रह माझा होता. आणि भयकथा रंगवायची तर खऱ्या तपशिलाने रंगते, हे मी अजूनही म्हणेन. फक्त हळदीचा वास घ्यावा, जिन्याची कुरकुर घ्यावी, कंदील घ्यावा. कुणाचं माणूस घेऊ नये. गेलेलं तर नाहीच, कारण त्याला "हे असं घडलं नव्हतं" असं म्हणायची सोय नसते.

एक आणखी मनात येतं. प्रयोग संपल्यावर दार उघडून, दिवा लावून, पोराने सगळ्यांना साबण दाखवावा का? जादूगार नाही म्हणतील, मजा जाते. मी पूर्वी त्यांच्याच बाजूची होते. आता वाटतं, साबण दाखवला नाही तरी चालेल, पण गोष्ट आजीने रचली, एवढं तरी सांगावं. त्या बाईंची एक रात्र वाचली असती.

मी त्यांना सरळ सांगितलं. वह्यांत काही सापडलेलं नाही, मी शोधलंही नव्हतं, गोष्ट माझी आणि लंगडणं तुमच्या वडिलांचं, चुकलं माझं. नातवाला बाहेर बोलावलं, त्याने पायाला हात लावला. त्या रागावल्या नाहीत. चहा घेतला. मग विचारलं, "ती वही कुठल्या सालची?"

1968-69 ची होती. तूट आली ते साल बरंच पुढचं, त्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. तरी त्यांनी बघायला मागितली. मांडीवर घेऊन पानं उलटत बसल्या. जमा, नावे, हळद पोती, हमाली, तोलाई. बेरजांखाली दुहेरी रेघा, अक्षर मोत्यासारखं. राखेचा काळा डाग एका पानाला लागला होता, तो त्यांनी पदराने पुसायचा प्रयत्न केला, पण तो आणखीच पसरला. "हे अक्षर त्यांचंच," म्हणाल्या.

खतावणी मी त्यांना देऊन टाकली. नातू दिवाळीला येणार आहे, त्याला दुसरी वस्तू शोधावी लागेल. माळ्यावर तराजू आहे एक, पण तो कुणाचा होता ते मी आधी विचारून घेणार आहे.