अस्मानीच्या आडोशाला

‘मुसळधार पावसामुळे रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली.’ दर पावसाळ्यात हे वाक्य छापून येते आणि आपण त्यावरून नजर फिरवून पुढे सरकतो. त्याची भावंडेही परिचयाची आहेत : दरड कोसळली, भराव खचला, रूळ पाण्याखाली गेले. व्याकरणदृष्ट्या या वाक्यांत काहीच उणे नाही. प्रत्येकात कर्ता आहे. मात्र ज्याला जाब विचारता येईल असा कर्ता एकाही वाक्यात नाही. दरडीला कोण काय विचारणार? भाषेचे अध्ययन-अध्यापन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हा निव्वळ वृत्तपत्री साचा म्हणून सोडून द्यावा, हे मला मान्य नाही.

मराठीने संकटांची नेमकी वाटणी करून ठेवली आहे : अस्मानी आणि सुलतानी. पहिल्यापुढे माणूस हात टेकतो, दुसऱ्याबद्दल जाब मागतो. अलीकडे ‘हवामानबदल’ हा शब्द बिनबोभाट अस्मानीच्या खाती जमा होऊ लागला आहे. काल जे ‘देवाची करणी’ म्हणून सोडून दिले जाई, ते आज अधिक सुशिक्षित शब्दात सोडून दिले जाते. माझे भांडण आहे ते या सोयीस्कर जमाखर्चाशी.

हवामान बदलते आहे, याविषयी वाद नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे वर्दी मिळालेली आहे. वर्दी मिळाल्यानंतर येणाऱ्या पुराला ‘अभूतपूर्व’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

शब्दाच्या गैरवापराचे आणखी एक उदाहरण थेट अभियांत्रिकीतले. रेल्वेचा पूल किंवा मोरी बांधताना तिच्याखालून किती पाणी वाहू शकले पाहिजे, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी सर्वसाधारणपणे ‘पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर’ हिशेबात धरतात. ऐकणाऱ्याला वाटते, एकदा येऊन गेला की आता अर्धशतक निर्धास्त. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच, की कोणत्याही एका वर्षी तसा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता २ टक्के आहे. साधे गणित केले तर पन्नास वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के भरते आणि पुलाने शंभरी गाठली तर ८७ टक्के. हेसुद्धा पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असे गृहीत धरून. हे गृहीतच कोसळले असेल, तर जुन्या आकड्यांवर बेतलेली प्रत्येक मोरी नव्याने मोजणे क्रमप्राप्त ठरते.

४ ऑगस्ट २०१५च्या रात्री मध्य प्रदेशात हरदाजवळ माचक नदीच्या पुराने रुळांखालचा आधार वाहून गेला. मुंबईहून वाराणसीकडे निघालेली कामायनी एक्सप्रेस आणि समोरून येणारी जनता एक्सप्रेस अशा दोन गाड्या घसरल्या आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९च्या रात्री, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावे लागले. बचावाचे कौतुक रास्तच आहे. पण पूर चढत असताना गाडी त्या पट्ट्यात पुढे जाऊ दिली गेली कशी, हा प्रश्न होड्यांच्या छायाचित्रांखाली बुडाला.

‘निसर्गापुढे कोणाचे काय चालते?’ या आक्षेपाला कोकण रेल्वेनेच उत्तर दिलेले आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने पन्नासच्या आसपास प्रवाशांचा बळी घेतला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाडनजीक मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तोच प्रसंग ओढवला. त्यानंतर डोंगरउतार कापून मंद केले गेले, कातळांवर लोखंडी जाळ्या आल्या, गस्त वाढली, पावसाळी वेळापत्रकात वेग कमी ठेवण्यात आला. दरडी नंतरही पडत राहिल्या. जुलै २०२४मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला पडलेल्या दरडीने मार्ग जवळजवळ दिवसभर बंद होता. पण गाड्या थांबल्या, माणसे वाचली. डोंगर तोच, पाऊस उलट अधिक आडदांड. बदलली ती व्यवस्था. २०२३ साली सुरू झालेली वंदे भारतसुद्धा या मार्गावर पावसाळ्यात निमूटपणे हळू धावते. या शहाणपणाची किंमत आधी प्राणांनी मोजावी लागली, एवढाच त्यातला सल.

पैशांचा आक्षेपही तपासून घ्यावा. ऑगस्ट २०२३मध्ये एकाच दिवशी ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. स्थानके देखणी व्हायला हरकत कोणाची असेल? पण स्थानकाच्या दर्शनी भागाचे उद्घाटन होते, रुंद केलेल्या मोरीचे होत नाही. गवतात दडलेल्या मोरीला फीत कोण बांधणार?

आणि आपण? आपल्या ललित लेखनात कोकण रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा हिरवा पाऊस मुबलक आहे. त्याच पावसात रात्री कंदील घेऊन रुळांवरून चालत जाणारा, खडी खचली का ते पाहणारा गस्तकरी मात्र क्वचितच भेटतो. संवेदनेचा हा कोतेपणा वृत्तपत्रांच्या निष्कर्तृक वाक्यांहून फारसा वेगळा नाही.

नोव्हेंबर १९५६मध्ये तमिळनाडूत अरियालूर येथे पुराने पूल ढासळला, शंभराहून अधिक प्रवासी दगावले आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याने पूल रुंद होत नाही, हे खरे. परंतु त्या कृतीने वाक्याला कर्ता मिळाला होता. आज राजीनाम्याचीही गरज नाही. कोणत्या पुलांचा जलमार्ग कोणत्या सालापर्यंतच्या पावसावरून ठरवला आहे, त्यांपैकी किती नव्याने तपासले आणि किती बाकी आहेत, याची यादी रेल्वेने दर वर्षी मे महिन्यात जाहीर करावी. पुढच्या पावसाळ्यात ‘वाहतूक विस्कळीत झाली’ असे छापून येईल, तेव्हा ती यादी शेजारी ठेवून वाचता येईल. अस्मानी कुठे संपते आणि सुलतानी कुठे सुरू होते, ते मग आपोआप दिसेल.