निनावी चेहऱ्यांची गुणपत्रिका

जिल्हा पातळीवर भरणाऱ्या परीक्षित छायाचित्र प्रदर्शनांकडे साहित्यसमीक्षेने दुर्लक्ष करण्याचे कारण नाही. साहित्याच्या क्षेत्रात मराठी समीक्षेने बऱ्याच अंशी मोडीत काढलेले एक गृहीतक तेथे आजही निर्वेध नांदते आहे. छायाचित्र स्वतःच बोलले पाहिजे, त्याच्याबाहेरचे काहीही परीक्षकाने विचारात घेऊ नये, हे ते गृहीतक. संवाद, विरोध, समतोल या मर्ढेकरी लयतत्त्वांचीच ही उपयोजित आवृत्ती होय. फक्त येथे मीमांसेची जागा गुणांनी घेतली आहे.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या गृहीतकाचे परिणाम विशेष स्पष्ट दिसतात. भंडारदऱ्याचा जलाशय, त्यावरचे धुके, मागे कळसूबाईची रांग, हे छायाचित्रकारांचे लाडके दृश्य. ते 'निसर्ग' म्हणून पाहिले जाते. फियाप, पीएसए व आरपीएस या संस्थांनी २०१५ पासून लागू केलेली निसर्ग-छायाचित्रणाची व्याख्या तर मोजके अपवाद वगळता चौकटीत मानवी घटक येऊच देत नाही. परंतु हे पाणी १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचे आहे. ते कालव्यांनी खाली उतरून श्रीरामपूर-राहुरीकडील ऊस पोसते. त्याच प्रवरेच्या पट्ट्यात, लोणीला, १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आणि याच जिल्ह्यातील पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू गावांतील माणसे दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी घर सोडतात. परीक्षेच्या वर्गवारीत या संबंधाचे तीन तुकडे होतात: जलाशय 'निसर्गा'त, कारखान्याची चिमणी 'मोनोक्रोम'मध्ये आणि सुरकुतलेला तोडणीवाला 'व्यक्तिचित्रा'त. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र गुण मिळतात. संबंधाला मिळत नाहीत.

व्यक्तिचित्राचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. वॉटसन आणि के यांनी १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया'ने माणसाला जाती-जमातीचा नमुना करून टाकले. आजच्या प्रदर्शनाने ती चिठ्ठी काढली हे खरे. पण तिच्या जागी माणसाचे नाव लावले नाही, 'प्रतीक्षा' किंवा 'जीवनसंध्या' असे शीर्षक लावले. नमुन्याचे प्रतीक झाले, इतकेच. जात ही चेहऱ्यावर नसते, ती दोन माणसांमधील व्यवहारात असते. २०१३ च्या सोनईने आणि २०१४ च्या खर्ड्याने ज्या जिल्ह्याची ओळख महाराष्ट्राला करून दिली, त्या जिल्ह्याचे 'लोकजीवन' फेटा, बैल आणि गुलाल यांत संपत असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नाही, निकषांचा आहे.

परीक्षकांच्या बाजूने एक युक्तिवाद संभवतो, आणि तो टाकाऊ नाही. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. नावे झाकल्याखेरीज निःपक्षपातीपणा राहणार कसा? हे मान्यच करावे. परंतु झाकायचे असते ते छायाचित्रकाराचे नाव. चित्रातील माणसाचे नाव, गाव आणि साल झाकण्याने कोणता पक्षपात टळतो? छायाचित्राखालील मजकुराचे अगत्य वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ सालीच प्रतिपादिले होते. मजकूर नसलेले चित्र तटस्थ नसते. ते पाहणाऱ्याच्या पूर्वग्रहांच्या हवाली केलेले असते.

दलित साहित्याच्या बाबतीत मराठीने हा वाद एकदा निभावला आहे. अनुभवाला संदर्भापासून तोडून त्याचे 'कलामूल्य' मोजण्याचा आग्रह तेव्हाही झाला होता. अकोले तालुक्याच्या मातीतले दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, आणि त्या मापाचे अपुरेपण उघडे पडले. त्याच तालुक्यातील हरिश्चंद्रगडाचे ढग अजून पहिला क्रमांक मिळवीत राहतात.

मागणी मोठी नाही. सुट्या चित्राबरोबर चित्रमालिकेलाही प्रवेश असावा. व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव व स्थळकाळ चित्राखाली यावा. आणि परीक्षकांनी गुणांबरोबर आपली कारणे लेखी देऊन ती भिंतीवर लावावीत. कारणे न देणाऱ्या निवडीला अभिरुची म्हणता येईल; समीक्षा म्हणता येणार नाही.