कषाय रसाची कैफियत

दिंडोरीच्या परिसरात पिकलेल्या कॅबर्ने सॉव्हिन्याँ द्राक्षांची गडद वाइन प्रथमच ओठांना लावणाऱ्याची मुद्रा आक्रसते, जीभ टाळ्याला चिकटते, आणि ‘ही फार कडू आहे’ असा शेरा देऊन तो पेला बाजूला सारतो. परंतु हा निवाडा मला मंजूर नाही, कारण ज्याला तो कडू म्हणतो तो वस्तुतः तुरट रस आहे, आणि षड्रसांत कषायाला स्वतंत्र स्थान देणाऱ्या, आवळा, जांभूळ नि सुपारी लहानपणापासून चाखत आलेल्या आपण तरी ही गल्लत करता कामा नये.

द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि काही अंशी लाकडी पिंपातून उतरणारे टॅनिन नावाचे द्रव्य लाळेतील प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे लाळेची स्निग्धता हरपते आणि तोंड कोरडे पडते. म्हणून तुरटपणा हा चवीइतकाच, किंबहुना चवीहून अधिक, स्पर्शाचा विषय आहे. बाभळीची साल, तरवड आणि हिरडा वापरून कातडे कमावणाऱ्या आपल्या कारागिरांनी याच द्रव्यकुलाचा हाच गुण पिढ्यान्‌पिढ्या राबवला.

तुरटपणातही प्रती असतात. गोडी छाटणीनंतर महिने मोजणारा जाणता बागाईतदार केवळ साखरेच्या मापावर विसंबत नाही. तो मणी फोडून बी दाताखाली धरतो, कारण उष्ण मुलखात साखर लवकर भरते आणि बी मात्र हिरवीच राहू शकते, आणि अशा हिरव्या बियांचा तुरटपणा कच्च्या केळ्यासारखा ओबडधोबड लागतो, तर तपकिरी, कुरकुरीत बियांचा मखमलीसारखा. हा भेद रंगावरून कळत नाही. इटलीतील बारोलो ही वाइन नेबियोलो द्राक्षापासून होते, आणि तिचा रंग फिकट असूनही तुरटपणा प्रखर असतो. हा भेद घोट तोंडात घोळवूनच ओळखावा लागतो, आणि तेही वाइन सोळा ते अठरा अंशांवर असताना. ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा दस्तूर थंड देशांतील घरांचा आहे. आपल्याकडच्या बत्तीस अंशांच्या दिवाणखान्यात त्याचा अंमल केला तर मद्यार्काची आग तेवढी हाती लागते, म्हणून बाटली आधी काही वेळ शीतकपाटात ठेवावी. मात्र फार गार केली तर तुरटपणा बोचू लागतो.

आता माझी खरी तक्रार. एका उपाहारगृहात तांबड्या रश्श्याबरोबर सर्वांत कडक रेड वाइनची शिफारस झाली, आणि लाल रंगाला लाल रंग शोभतो याखेरीज तिच्यामागे काही विचार असावा असे मला वाटले नाही. मिरचीचा दाह आणि मद्यार्क एकमेकांना चेतवतात, त्यात कोरडेपणाची भर पडते, आणि रस्सा व वाइन ही दोन्ही उत्तम असूनही दोहोंचा अवमान होतो. नैर्ऋत्य फ्रान्समधील मादिराँ येथे तानात द्राक्षाची अतितुरट वाइन होते. तेथील लोक तिच्याबरोबर स्वतःच्याच चरबीत शिजवलेले बदक किंवा पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत मांस घालून केलेले कासुले खातात. आपण तो पदार्थ नव्हे, त्यामागील कारण उचलावे: मांसाची प्रथिने टॅनिनला लाळेऐवजी स्वतःकडे ओढतात, चरबी जिभेवर आवरण घालते आणि मीठ तुरटपणाची धार बोथट करते. हे सारे आपल्या चरबीच्या तुकड्यांसह मंद आचेवर आटवलेल्या सुक्या मटणात आहे. फक्त तिखट आवरावे, आणि वाइन शिराझ द्राक्षाची असेल तर मिरीचा हात थोडा सैल सोडावा. शाकाहारी पंक्तीत शेंगदाणा, तीळ आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण भरलेली वांगी हे काम समर्थपणे करतात, परंतु गूळ नाममात्रच हवा, कारण गोड घासानंतर हीच वाइन रूक्ष भासते. बांगड्यापुढे तर ती मुळीच ठेवू नये. तोंडात धातूची चव उतरते.

म्हणून पहिला घोट कोरडा घ्यावा, तो कोठे बोचतो ते पाहावे, मग मटणाचा एक तुकडा सावकाश चावून गिळावा आणि पुन्हा पेला उचलावा. मघाशी ज्या तुरटपणाने जीभ बांधली होती, त्याच्या आडून आता जांभळाचा गंध येऊ लागतो.