खंडेनवमीचे कुंकू आणि धनत्रयोदशीची मोड

आश्विन शुद्ध नवमीस आपण घरातील अवजारांची पूजा करतो. लढाया संपल्या, तलवारी गेल्या; पण सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र आणि गृहिणीची विळी यांना गंधफूल वाहण्याची चाल टिकून राहिली. कित्येक घरांत आता या ओळीत स्वयंपाकघरातील मिक्सरही येऊन बसला आहे. मात्र अवघ्या एकोणीस-वीस दिवसांनी धनत्रयोदशी उजाडते आणि ज्याला हळदकुंकू वाहिले तोच मिक्सर ‘जुना द्या, नवा घ्या’ या पाटीखाली मोडीत जातो. धनत्रयोदशीला धातूची नवी वस्तू घरी आणावी, हा संकेत आहे. चालती वस्तू घराबाहेर काढावी, असे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

जात्यापाट्याचा काळच बरा होता, असे सांगण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पहाटेच्या ओव्यांचे कौतुक करणाऱ्यांनी दळणारीचे खांदेही आठवावेत. परंतु त्या काळी प्रत्येक वस्तूला तिचा दुरुस्ती करणारा होता. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावणारा दारी येई. पितळेच्या पातेल्यास कल्हईवाला होता, गळक्या घागरीस तांबट डाग देई. वस्तू झिजणारच, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. म्हणून झिजलेली वस्तू टाकाऊ ठरत नसे. पितळी सोऱ्या तर आजही अनेक घरांत सासूकडून सुनेकडे येतो.

विशेष हे, की आपल्या देशी मिक्सरचा जन्मच दुरुस्तीच्या अडचणीतून झाला. मुंबईत अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि तो येथे दुरुस्त होईना. १९६० च्या दशकातील ही गोष्ट. फळांचा रस काढण्याजोगी ती परदेशी मोटर आपल्या भिजवलेल्या डाळी, सुके खोबरे, हळकुंडे यांपुढे टिकणारी नव्हती. माथूर यांनी अधिक ताकदीची मोटर योजून यंत्र सिद्ध केले. तोच पुढे घरोघरी पोहोचलेला ‘सुमीत’. त्या पिढीतील काही यंत्रे अजूनही चालू आहेत.

याचा अर्थ जुने ते सारे टिकाऊ, असा नव्हे. जे कच्चे निघाले ते केव्हाच भंगारात गेले. जे पक्के होते तेवढेच आज आपल्यासमोर उभे आहेत, एवढे भान ठेवावे. पण त्या यंत्रांची रचना उघडून पाहण्यासारखी होती, हे खरे. मोटरला वीज पोहोचविणारे कार्बन झिजतात, जार आणि मोटर यांना जोडणारा कपलर तुटतो, जारच्या तळाचा बुश सैल होऊन पाणी गळते. या तिन्ही गोष्टी अल्प खर्चात बदलता येतात. मोटर जळली तरी तिचे वाइंडिंग पुन्हा भरता येते. उलट काही नव्या जारांचा तळ असा घडविलेला असतो, की बुश सुटा बदलता येत नाही आणि सबंध जारच विकत घ्यावा लागतो. ही काटकसर कारखानदाराची. तिचा भुर्दंड गृहिणीने का सोसावा?

फराळाच्या दिवसांत या यंत्रावर येणारा भार वर्षभरात कधी येत नाही. चकलीची भाजणी गिरणीतून येते हे खरे. परंतु लाडवांची पिठीसाखर, करंजीचे सारण आणि तीन दिवस भिजवून, सावलीत सुकवून घेतलेले अनारशांचे ओलसर तांदूळ मिक्सरमध्येच पडतात. येथे आपलाही थोडा दोष असतो. जार काठोकाठ भरणे, भाजलेला जिन्नस गरम असतानाच दळणे, विश्रांती न देता एकामागून एक घाणे काढणे, याने मोटर तापते आणि संरक्षक कळ सुटून यंत्र बंद पडते. तळाशी असलेले लहानसे बटण, यंत्र निवल्यावर दाबले की ते बहुधा पुन्हा चालू होते. ते ठाऊक नसल्याने चांगले यंत्र ‘बिघडले’ म्हणून मोडीत गेल्याची उदाहरणे थोडी नसतील. मात्र वायरचे वेष्टन तडकले असेल किंवा हाताला झटका बसत असेल, तर कारागिराकडून नीट करून घेतल्यावाचून तो मिक्सर वापरू नये. तेथे भिडस्तपणा नको.

सुदैवाने शासनासही हा विषय महत्त्वाचा वाटू लागला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. घरगुती उपकरणांचाही त्यात अंतर्भाव आहे. पण कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे आपण गेलोच नाही, तर त्याचे दुकान कोणत्या हक्काने तगणार?

यंदा नवा मिक्सर घेणे खरोखरच भाग असेल, तर दुकानदारास सवलतीपूर्वी एक प्रश्न विचारावा : पाच वर्षांनी याचा बुश आणि कपलर सुटा मिळेल काय? उत्तर समाधानकारक नसेल, तर तेरसेच्या मुहूर्ताला पितळेचे एक निरांजन घरी आणावे, आणि जुन्या मिक्सरचे कार्बन वसुबारसेच्या आधीच बदलून घ्यावेत. पुढे फराळाच्या गर्दीत कारागिराला उसंत मिळत नाही.