प्रयोगशाळा दिली, शिक्षकाचं काय?

मंडळी, गावाकडच्या शाळेला काही द्यायचं ठरलं की आपल्याला आधी प्रयोगशाळा किंवा संगणक आठवतो. वस्तू डोळ्यांना दिसते, दात्याच्या नावाची पाटीही लागते. आम्ही रसायनवाले, ब्युरेट आणि परीक्षानळ्यांचं आम्हालाही प्रेम आहे. पण शिकवणाराच टिकला नाही, तर त्या कपाटाला कुलूपच लागायचं.

इथे हौगांगच्या शाळांत आपल्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवणारे बहुतेक शिक्षक १९९१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षण संस्थेत तयार होतात. पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची फी शिक्षण मंत्रालय भरतं, त्या काळात पगारही देतं आणि बदल्यात तीन वर्षं शिकवण्याचा करार करून घेतं. पुढेही वर्षाला १०० तासांपर्यंत प्रशिक्षण मिळू शकतं. या शतकाच्या सुरुवातीच्या 'कनेक्ट' योजनेत तर नोकरीत टिकणाऱ्यांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम जमा होई आणि काही वर्षांनी त्यांच्या हाती पडे.

महाराष्ट्रातही आकडा तीनच आहे, अर्थ मात्र उलटा. २००० साली आलेल्या शिक्षण सेवक योजनेत नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं मानधनावर जातात. बी.एड.चा खर्च बहुधा घरच्यांनीच सोसलेला असतो. माध्यमिक शाळेत हे मानधन महिना ८,००० रुपये होतं, ते २०२३ साली १८,००० झालं. वाढ झाली हे चांगलंच. तरी गणितात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलीला क्लासवाल्यांनी किंवा कंपनीने बोलावलं, तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

कुणी म्हणेल, सिंगापूरशी तुलना कशाला? मान्य. पगार वाढवणं सरकारचं काम आहे. पण आपली देणगी कशावर खर्च व्हावी, हे तर आपल्याच हातात आहे ना?

आमची सूचना साधी आहे. एक शाळा निवडावी, तिथला विज्ञानाचा किंवा गणिताचा एक नवा शिक्षक निवडावा आणि शाळेच्या संमतीने तीन वर्षं त्याच्या पाठीशी उभं राहावं. मानधनात थोडी भर, पुस्तकं, प्रयोगाची रसायनं आणि शिबिरांचा प्रवासखर्च द्यावा. १९७४ साली सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे. तिथे शिक्षकांसाठी शिबिरं होतात, पण रजा आणि भाडं जमलं तरच खेड्यातला शिक्षक तिथे पोचणार.

यात पाटी लागणार नाही. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. विरोध असेल तर तोही जरूर मांडावा.