प्रतिष्ठेचा प्याला

मद्याच्या जगातही श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद कटाक्षाने पाळला जातो. सर्वांत खाली हातभट्टी, तिच्यावर देशी, मग परमिट रूममधली विलायती, त्याहून वर तारांकित हॉटेलातले रंगीबेरंगी कॉकटेल आणि या उतरंडीच्या शिखरावर वाईन! गुत्त्यावर झिंगणाऱ्या मजुराला समाज दारुडा म्हणतो. निमुळत्या दांड्याचा पेला हाती घेऊन त्यातील द्रवाचा गंध घेणाऱ्याला मात्र रसिक म्हणतो. हा भेद एके काळी मलबार हिलच्या दिवाणखान्यांपुरता होता. पुढे तो अलिबाग-मांडव्याच्या बंगल्यांत आला. आता कुंडलिकेकाठच्या रोह्याला लागून असलेल्या वरश्यासारख्या गावांच्या नव्या वसाहतींचे दारही त्याला बंद राहील, असे समजण्याचे कारण नाही. म्हणूनच या विषयाचा विचार सामान्य कुटुंबांनीही करायला हवा.

उच्चभ्रू वर्गाला कॉकटेलपेक्षा वाईन अधिक प्रतिष्ठेची का वाटते? कॉकटेल हे उघडउघड दारूचेच मिश्रण. त्यातले कौशल्य ते घुसळणाऱ्याचे; पिणाऱ्याला काही ठाऊक असण्याची गरज नाही. शिवाय हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे त्याची सांगड खलनायकाच्या अड्ड्याशी घातलेली. वाईनचे तसे नाही. द्राक्षाची जात कोणती, मळा कुठला, वर्ष कोणते, कोणत्या पदार्थासोबत कोणता रंग, याचे एक शास्त्रच उभे केले गेले आहे. त्यामुळे पिणाऱ्याला व्यसनी न दिसता विद्वान दिसता येते. 1991 साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने फ्रेंचांच्या निरोगी हृदयाचे श्रेय लाल वाईनला दिले आणि या विद्वत्तेला आरोग्याचीही जोड मिळाली. महाराष्ट्रात त्यावर तिसरे वलय चढले, ते शेतकऱ्याच्या कल्याणाचे.

या वलयाचा इतिहास फार जुना नाही. नारायणगाव परिसरात 1980च्या दशकात वाईननिर्मितीचा मोठा उद्योग उभा राहिला. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाईनला करसवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारले. त्याच सुमारास नाशिकजवळ सुला या कंपनीची वाईन तयार होऊ लागली. पुढे द्राक्षमळ्यात बसून चव घेण्याची सोय झाली आणि गोदाकाठच्या तीर्थक्षेत्राची ओळख ‘वाईनची राजधानी’ अशी करून देण्यात धन्यता मानली जाऊ लागली.

याची परिणती 27 जानेवारी 2022च्या मंत्रिमंडळ निर्णयात झाली. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईनविक्रीस परवानगी देण्याचे तत्कालीन आघाडी सरकारने ठरवले. व्हिस्की नाही, कॉकटेलची सामग्री नाही, फक्त वाईन! म्हणजे दिवाणखान्यातील प्रतिष्ठेचे रूपांतर शासकीय धोरणात झाले. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे समर्थनही तेव्हा ऐकू आले. विरोधी पक्षाने ‘मद्यराष्ट्र’ या शब्दात टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय हरकती-सूचनांच्या फेऱ्यात अडकला आणि जूनअखेर सरकारच गेले. तो प्रसंग टळला. मात्र त्यामागचा विचार जिवंत आहे.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ या विधानाचा निकाल साध्या गणिताने लागतो. दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात 12 ते 13 टक्के या प्रमाणात सुमारे 18 ते 19 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. भारतीय व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये 42.8 टक्क्यांनी तो 13 मिलिलिटरच्या आत भरतो. 45 मिलिलिटर मद्य घातलेल्या कॉकटेलमध्ये तो 19च्या आसपास जातो. म्हणजे सभ्य समजला जाणारा वाईनचा एक पेला हा कॉकटेलच्या बरोबरीचा आणि लहान पेगहून भारी! यकृताला द्राक्षाची जात कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्यपेयांना कर्करोगकारक ठरवले. त्यात वाईनला सवलत नव्हती. मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, हे त्या संघटनेने जानेवारी 2023मध्ये पुन्हा बजावले.

राहिला प्रश्न शेतकऱ्याचा. त्याच्याविषयीची कळकळ खरी असेल तर वस्तुस्थितीही पाहावी. नाशिक-सांगलीचा बहुतांश बागायतदार खाण्याची द्राक्षे आणि बेदाणा पिकवतो. वाईनची वाणे निराळी, त्यांचे क्षेत्र थोडे आणि खरेदीदार मोजके. 2008च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली तेव्हा अनेकांना वाईनच्या वेली उपटून टाकाव्या लागल्या. ज्यांचा माल कराराने जातो त्यांना त्यातून लाभ होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अवकाळी पाऊस, गारपीट, शीतगृहांची वानवा आणि निर्यातीतील अडथळे यांनी गांजलेल्या बागायतदाराला किराणा दुकानातील बाटली कशी तारणार?

द्राक्षासवाचा दाखला देऊन परंपरेला साक्षीला बोलावणारेही भेटतात. औषध म्हणून मोजून घ्यायचे आसव आणि मैफलीत रिचवायचा पेला यांत अंतर आहे. द्राक्षाचे मद्य आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात त्याची नोंद केली आहे. मात्र त्याच ग्रंथात मद्यविक्रीवर करडी नजर ठेवणारा सुराध्यक्षही आहे. महाभारताच्या मौसल पर्वात यादवांसारखे समर्थ कुल मद्याच्या धुंदीत आपसात लढून संपले. आणि 1919 साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा नायक कोण? गुत्त्यावरचा मजूर नव्हे, तर बुद्धिमान, सुविद्य वकील सुधाकर! सुशिक्षितांच्या पिण्याला तात्त्विक बैठक देणारे ‘आर्यमदिरामंडळ’ गडकऱ्यांनी शतकापूर्वीच रंगवले आहे. आज त्या मंडळाची जागा वाईनच्या चवीचे धडे देणाऱ्या मेजवान्यांनी घेतली आहे, इतकेच.

या बाबतीत रायगड जिल्ह्याला बाहेरून उपदेश घेण्याची आवश्यकता नाही. स्वाध्याय परिवाराचे प्रणेते पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म 1920 साली रोह्याचाच. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांच्या बैठकांनी आगरी, कोळी, कुणबी घरांतील असंख्य व्यसने सोडवली. कायद्याचा धाक नाही, दंड नाही. केवळ संस्कार आणि सातत्य. ज्या कष्टकऱ्याने आपला प्याला खाली ठेवला, त्याच्याच गावात सुशिक्षिताने प्रतिष्ठेच्या नावाखाली तो उचलावा, हा केवढा दैवदुर्विलास!

राज्यघटनेच्या 47व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवले आहे, तिथे वाईन आणि दारू असा भेद नाही. महाराष्ट्रातील महिलांना 2008च्या नियमांनी मतदानाने ‘बाटली आडवी’ करण्याचा अधिकार दिला. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कौल दिला की दुकान बंद होते. पण घरातल्या फ्रीजमध्ये उभी असलेली बाटली आडवी करण्यासाठी कोणते मतदान घेणार? तिथे कुटुंबाचा निर्धारच कामी येतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ वस्त्या-पाड्यांपुरता मानू नये. गरिबाला व्यसनमुक्तीचे प्रवचन आणि श्रीमंताच्या मेजवानीत संकोचाचे हास्य, हा दुटप्पीपणा समाजाच्या नजरेतून सुटत नाही. लग्नाची हळद असो, कार्यालयीन समारंभ असो वा मित्राच्या बंगल्यावरचा रविवार असो, पुढे आलेला पेला नम्रपणे आणि ठामपणे नाकारणारा एक माणूस शेजारच्या चौघांना बळ देतो. असा नकार हीच प्रतिष्ठा ठरेल, तेव्हा पेला कोणत्या आकाराचा आहे हा प्रश्नच उरणार नाही.